गुडघ्याची झीज, सोबत मधुमेह: पर्यायी उपचारांतलं काय चालेल, काय टाळावं?

रानजाई

आईचं वय ६६, उंची पाच फूट एक इंच, वजन ७४ किलो. दोन्ही गुडघ्यांची झीज आहे, एक्स-रेमध्ये ग्रेड २ (सौम्य झीज) आलंय. जिना उतरताना दुखतं आणि सकाळी उठल्यावर दहाएक मिनिटं गुडघे आखडलेले असतात. मधुमेह जुना आहे. चालू गोळ्या: साखरेसाठी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड, रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि हृदयातल्या स्टेंटमुळे रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून क्लोपिडोग्रेल. हाडांच्या डॉक्टरांच्या मते ऑपरेशन सध्या नको. व्यायाम करा, वजन उतरवा, फारच दुखलं तर पॅरासिटामॉल घ्या, असं त्यांनी सांगितलंय.

नातेवाईक मात्र जानुबस्ती, विरेचन, जळवा, ॲक्युपंक्चर, होमिओपॅथी, चुंबकाचा पट्टा आणि कुठल्याशा गावचं "संधिवाताचं चूर्ण" असं सगळं सुचवताहेत. यांपैकी आधीच्या गोळ्यांसोबत काय सुरक्षित आहे? कशाचा खरंच उपयोग होतो? आणि उपचार देणारा माणूस नीट शिकलेला आहे की नाही, हे कसं ओळखायचं? या विषयातल्या जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावं.

---

अस्थिबंध

पहिली गोष्ट: हे उपचार गोळ्यांच्या *सोबत* घ्यायचे की गोळ्यांच्या *ऐवजी*, हे आधी ठरवा. धोका बहुतेक वेळा "ऐवजी"मध्ये असतो. कर्करोगाबाबत २०१८ साली अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. बरा होण्याजोगा, न पसरलेला कर्करोग असताना ज्यांनी फक्त पर्यायी उपचार घेतले, त्यांचा मृत्यूचा धोका नेहमीचे उपचार घेणाऱ्यांच्या अडीच पट निघाला. स्तनाच्या कर्करोगात तर तो पाच पटींहून जास्त होता. गुडघ्याच्या झिजेने जीव जात नाही, पण तुमच्या आईच्या बाबतीत क्लोपिडोग्रेल ही "ऐवजी" न चालणारी गोळी आहे. कोणाच्याही सांगण्यावरून ती एक दिवसही बंद करू नका. स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. ती गोळी थांबवायची की नाही हे फक्त हृदयाचे डॉक्टर ठरवतील.

आता गुडघा. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यात व्यायाम, वजन कमी करणं आणि ताई-ची (संथ हालचालींचा चिनी व्यायाम) यांची ठाम शिफारस आहे. योग आणि ॲक्युपंक्चर यांची शिफारस सशर्त आहे, म्हणजे करून पाहायला हरकत नाही. ग्लुकोसामाइनच्या विरोधात मात्र त्यांनी ठाम मत दिलंय. औषधांच्या दुकानात सगळ्यात जास्त तेच गळ्यात मारलं जातं, म्हणून मुद्दाम लिहितोय.

वजनाबद्दल: जास्त वजन आणि गुडघ्याची झीज असलेल्या ज्येष्ठांच्या अभ्यासात असं दिसलं की शरीराचं १ किलो वजन उतरलं की चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे ४ किलोंनी हलका होतो. आईंचे साडेतीन-चार किलो जरी उतरले तरी जिन्यावर फरक कळेल.

व्यायाम असे. पाठीवर झोपून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, गुडघ्याने ती खाली दाबा, ५ सेकंद धरा, सोडा. असं १० वेळा, दोन्ही पायांनी. मग एक गुडघा दुमडून दुसरा पाय सरळ ठेवून फूटभर उचला, ५ सेकंद धरा, सावकाश खाली आणा. हेही १० वेळा. पाय धाडकन खाली सोडला तर अर्धा व्यायाम वाया जातो, कारण मांडीचा पुढचा स्नायू खाली आणतानाही काम करतो. तिसरा व्यायाम खुर्चीवरून उठण्या-बसण्याचा. खुर्ची भिंतीला टेकवा, सुरुवातीला हातांचा आधार घ्या, ५ ते १० वेळा करा. व्यायामानंतर थोडं दुखणं चालतं, पण वाढलेलं दुखणं २४ तासांत पूर्वपदावर आलं पाहिजे. नाही आलं तर दुसऱ्या दिवशी आकडा निम्मा करा, व्यायाम बंद करू नका. सहा ते आठ आठवड्यांआधी निकाल लावू नये.

चुंबकाच्या पट्ट्याबद्दल लिहिण्यासारखं फार काही नाही. घट्ट पट्ट्याने ऊब आणि आधार मिळतो, तेवढाच त्याचा फायदा. तो साध्या नी-कॅपनेही मिळतो.

---

निर्गुंडी

आयुर्वेदाच्या बाजूने लिहितो. जानुबस्ती आणि विरेचन एकाच पिशवीत घालू नका. एक बाहेरून केलेला उपचार आहे, दुसरं अख्ख्या शरीराचं शोधन. आईंच्या बाबतीत या दोहोंची जोखीम अगदी वेगळी आहे.

विरेचनाआधी स्नेहपान असतं. साधारण ३ ते ७ दिवस रोज वाढत्या मात्रेत औषधी तूप पोटात देतात, नंतर अभ्यंग (तेलाचं मालीश) आणि स्वेदन (वाफेने घाम काढणं), मग जुलाबाचं औषध आणि शेवटी पेया, विलेपी अशा क्रमाने हलका आहार. यात ग्लिमेपिराइड नेहमीच्या मात्रेत चालू राहिली आणि पोटात मात्र फक्त पेज गेली, तर साखर खाली कोसळते. जुलाबांनी पाणी कमी झालं की टेल्मिसार्टन आणि मेटफॉर्मिन घेणाऱ्या ज्येष्ठ माणसाच्या मूत्रपिंडावर ताण येतो. म्हणून बाह्यरुग्ण म्हणून, घरी राहून विरेचन नकोच. करायचंच असेल तर दाखल करून, क्रिएटिनिन, सोडियम, पोटॅशियम आधी तपासून आणि मधुमेहाच्या डॉक्टरांकडून त्या दिवसांच्या गोळ्यांचं वेळापत्रक लेखी घेऊन. माझं स्पष्ट मत: गुडघ्याच्या ग्रेड २ झिजेसाठी एवढं करण्याची गरज नाही.

जळवाही नकोत. जळूच्या लाळेत रक्त गोठू न देणारा घटक असतो, त्यामुळे जळू काढल्यावरही जखम कित्येक तास झिरपत राहते. क्लोपिडोग्रेलवर असताना तो प्रकार आवरत नाही, आणि मधुमेहात जखम चिघळण्याची भीती असतेच.

जानुबस्ती करता येईल. प्रक्रिया लिहितो म्हणजे केंद्रात नीट होतेय की नाही ते तुम्हाला कळेल. उडदाचं पीठ पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट मळतात. त्याची जाड वळी करून गुडघ्याभोवती दीड-दोन इंच उंचीचं आळं बांधतात. ओल्या बोटाने आतून आणि बाहेरून कडा लिंपतात. पीठ सैल असेल तर पाच मिनिटांत तडा जाऊन तेल गळतं. तेल (महानारायण किंवा सहचर ही नेहमीची) गरम पाण्याच्या भांड्यात वाटी ठेवून कोमट करतात, थेट आचेवर कधीच नाही. एका गुडघ्याला १०० ते १५० मिली लागतं. थंड होत आलेलं तेल कापसाच्या बोळ्याने काढून गरम घालत राहायचं, अशी साधारण ३० मिनिटं. हे ७ ते १४ दिवस चालतं.

चुकतं कुठे? तेलाच्या तापमानात. जुन्या मधुमेहात पायाची संवेदना कमी झालेली असू शकते. रुग्ण "चालतंय, अजून गरम चालेल" म्हणतो आणि संध्याकाळी फोड येतो. म्हणून तेल उपचार देणाऱ्याने स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूवर तपासायचं, रुग्णाच्या सांगण्यावर जायचं नाही. ४० ते ४२ अंश सेल्सिअसच्या वर तेल नको. आधी डॉक्टरांकडून तळपायांची १० ग्रॅम मोनोफिलामेंट तपासणी करून घ्या. नायलॉनचा तंतू टेकवून संवेदना पाहतात, दोन मिनिटांचं काम असतं. गुडघा लाल, गरम, टरटरून सुजलेला असेल, ताप असेल किंवा कातडीवर जखम असेल तर त्या दिवशी बस्ती नाही. आणि बस्तीनंतर तेलाचा पाय पुसून, पायात चप्पल घालूनच टेबलावरून उतरायचं. ओल्या-तेलकट फरशीवर ज्येष्ठ माणूस घसरला तर गुडघा राहतो बाजूला आणि खुब्याचं हाड मोडतं.

जानुबस्तीने झिजलेली कूर्चा भरून येत नाही. दुखणं आणि ताठरपणा काही आठवड्यांसाठी उतरतो. त्या काळात वर अस्थिबंध यांनी दिलेले व्यायाम जोर लावून करून घेतले तर पैसे सार्थकी लागतात.

पोटात घ्यायच्या औषधांबद्दल वेगळं लिहितो, कारण खरी गडबड तिथे होते. आसव-अरिष्टांत गूळ किंवा साखर असते आणि आंबवल्यामुळे आपोआप तयार झालेलं ५ ते १० टक्के मद्यार्क असतं. ग्लिमेपिराइडसोबत ते नको. ज्येष्ठमध असलेला काढा रोज घेतला तर रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम उतरतं. मेथी आणि कारल्याच्या रसाने साखर आणखी खाली जाते, म्हणजे गोळीचा जोर वाढल्यासारखंच. हळदीची भाजी-आमटी बिनधास्त खा, पण मिरीचा अर्क घातलेल्या करक्युमिनच्या कॅप्सूल नकोत. क्लोपिडोग्रेलसोबत रक्तस्रावाची शक्यता वाढते आणि यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. गुग्गुळाच्या गोळ्या वैद्य देतीलच. त्या प्रोप्रॅनोलॉल आणि डिल्टियाझेम या औषधांचं शोषण कमी करतात, अंगावर पुरळही उठू शकतं. आईंच्या यादीत ही दोन औषधं नाहीत, पण उद्या हृदयाच्या डॉक्टरांनी बदल केला तर आठवण असू द्या.

---

सूचिवेध

ॲक्युपंक्चरबद्दल. भारतात याची ओळख करून देणाऱ्यांत डॉ. बिजॉयकुमार बसू यांचं नाव पहिलं. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली ज्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले, त्याच पथकात बसू होते. पुढे पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस ते पुन्हा चीनला जाऊन हे शिकून आले.

गुडघ्यासाठी पुरावा काय सांगतो? जर्मनीत हजारावर रुग्णांवर झालेली, २००६ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी बघा. ठराविक बिंदूंवर सुया घेतलेल्यांपैकी ५३ टक्क्यांना चांगला आराम पडला, मुद्दाम भलत्याच जागी आणि वरवर सुया टोचलेल्यांपैकी ५१ टक्क्यांना, तर फक्त नेहमीचे उपचार घेतलेल्यांपैकी २९ टक्क्यांना. म्हणजे सुयांच्या उपचाराने आराम पडतो, पण नेमक्या बिंदूचं महत्त्व आम्ही मानतो तेवढं त्यात दिसलं नाही. मी स्वतः बिंदू पाळूनच काम करतो, तरी हे आकडे रुग्णापासून लपवू नयेत असं मला वाटतं. २००७ पासून जर्मनीत सरकारी आरोग्यविमा गुडघ्याची झीज आणि जुनी कंबरदुखी या दोन कारणांसाठी ॲक्युपंक्चरचा खर्च देतो.

प्रत्यक्षात असं होतं. पाव मिलिमीटर जाडीची, २५ ते ४० मिलिमीटर लांबीची स्टीलची निर्जंतुक सुई. गुडघ्याच्या वाटीखालच्या दोन खळग्यांत, वाटीच्या खाली चार बोटं आणि नडगीच्या कडेपासून बाहेर एक बोट अशा जागी, आणि गुडघ्याच्या आतल्या बाजूला सुया लावतात. २० ते ३० मिनिटं ठेवतात. सुरुवातीला आठवड्यातून दोनदा, एकूण ८ ते १२ बैठका. सहा बैठकांत काहीच फरक नसेल तर पुढे पैसे घालवू नका.

तुमच्या आईंसाठी काळजी अशी. सुई एकदाच वापरायची, पाकीट तुमच्या समोर फोडलं पाहिजे. "तुमच्या नावाची डबी ठेवतो, त्याच सुया उकळून वापरतो" असं कोणी म्हणालं तर तिथून परत फिरा. हिपॅटायटिस बी आणि सीचा प्रश्न आहे. क्लोपिडोग्रेल सांगून ठेवा. बारीक सुईने मोठा रक्तस्राव होत नाही, पण सुई काढल्यावर एक-दोन मिनिटं कापसाने दाबून धरायचं, नाहीतर काळं-निळं पडतं. उपाशीपोटी जाऊ नये. सुयांनी कधीकधी भोवळ येते, आणि ग्लिमेपिराइडवरच्या माणसाला भोवळ, घाम आला तर ते सुयांमुळे की साखर उतरल्यामुळे हे पटकन कळत नाही. झोपवूनच सुया लावायला सांगा, ग्लुकोमीटर आणि साखर जवळ ठेवा. बधिर तळपायात सुया नकोत, आणि जळत्या औषधी कांडीने शेक देण्याचा प्रकार (मॉक्सा) तर मुळीच नको, भाजलेलं कळतच नाही.

---

मोजपट्टी

होमिओपॅथी आणि त्या चुर्णाबद्दल कोणी लिहिलं नाही, म्हणून.

३० सी शक्ती म्हणजे १:१०० असं तीस वेळा पातळ केलेलं. १२ सीच्या पुढे गेलं की मूळ पदार्थाचा एखादा रेणूही त्यात उरण्याची शक्यता जवळजवळ संपते. ऑस्ट्रेलियाच्या आरोग्य संशोधन परिषदेने २०१५ मध्ये सगळा पुरावा तपासून, कुठल्याही आजारात होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा विश्वासार्ह पुरावा नाही, असा निष्कर्ष काढला. साबुदाण्याएवढ्या गोळ्यांनी क्लोपिडोग्रेलशी भांडण होणार नाही, पण गुडघ्यासाठी मी त्यावर खर्च करायला सांगणार नाही.

चूर्ण मात्र घरात येऊच देऊ नका. सांधेदुखीच्या बिनलेबलच्या पुड्यांत डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉइड, नाहीतर डायक्लोफेनॅक मिसळलेलं सापडणं ही जुनी, माहितीतली गोष्ट आहे. खूण अशी: दोन-तीन दिवसांत जादू झाल्यासारखं दुखणं पळतं, भूक वाढते, महिन्याभरात चेहरा गोल होतो, पायांवर सूज येते आणि साखर एकाएकी अडीचशे-तीनशेच्या घरात जाते. डायक्लोफेनॅक असेल तर क्लोपिडोग्रेलसोबत जठरातून रक्तस्राव होऊ शकतो. शौच डांबरासारखं काळं झालं तर तडक रुग्णालय गाठायचं. कोणी अशी पुडी महिनोन्‌महिने घेत असेल तर ती एकदम बंद करणंही धोक्याचं असतं. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिल्याने शरीरात स्टेरॉइड तयार करणाऱ्या अधिवृक्क ग्रंथी सुस्तावलेल्या असतात, अचानक थांबवलं की रक्तदाब कोसळतो. पुडी घेऊनच फिजिशियनकडे जायचं.

---

शततारका

होमिओपॅथीबद्दल मोजपट्टी यांच्याशी पूर्ण सहमत नाही. उच्च शक्तीबद्दल त्यांनी दिलेलं गणित बरोबर आहे. पण चांगला होमिओपॅथ पाऊण तास बसून झोप, भूक, चिंता, घरातले ताण हे सगळं विचारतो, आणि जुन्या दुखण्याच्या माणसाला त्याचा उपयोग होतो. दुखणं फक्त सांध्यात नसतं.

दुसरं, "होमिओपॅथीचं आहे म्हणजे निरुपद्रवी" हे सरसकट खरं नाही. मदर टिंक्चर पातळ केलेलं नसतं. त्यात खरी वनस्पती आणि भरपूर मद्यार्क असतो. तेव्हा बाटलीवर "क्यू" लिहिलेलं असेल तर ते साध्या गोळ्यांसारखं समजू नका.

---

मोजपट्टी

मदर टिंक्चरचा मुद्दा महत्त्वाचा आहे, माझ्याकडून राहिला होता. ऐकून घेण्याचा उपयोग होतो हेही मान्य. पण तो गुण ऐकून घेण्याचा आहे, गोळीचा नाही. तेवढा वेळ फिजिओथेरपिस्ट देत असेल तर तिथे जावं.

उपयोग झाला की नाही हे मोजायचं कसं, तेही सांगतो. झिजेचं दुखणं आपोआप वरखाली होतं. माणूस उपचाराला जातो तेव्हा ते बहुधा सगळ्यात वर असतं, त्यामुळे नंतर उतरलं की श्रेय त्या वेळी चालू असलेल्या उपचाराला जातं. म्हणून उपचार सुरू करण्याआधी दोन आठवडे रोज रात्री ० ते १० मध्ये दुखण्याचा आकडा वहीत लिहा. सोबत आठवड्यातून एकदा, ३० सेकंदांत खुर्चीवरून हात न टेकता किती वेळा उठता येतं ते मोजा. किती पॅरासिटामॉल लागल्या, तेही लिहा. एका वेळी एकच नवीन उपचार सुरू करा आणि त्याला सहा आठवडे द्या. सरासरी आकडा दोनने तरी उतरला तर फरक पडला असं समजायला हरकत नाही. तीन गोष्टी एकदम सुरू केल्या तर काहीच कळणार नाही, आणि पुरळ उठलं तर कशामुळे हेही कळणार नाही.

---

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. आईशी बोलून आधी व्यायाम आणि वही सुरू करते, नंतर जानुबस्ती. दोन गोष्टी राहिल्या. आई रोज सकाळी अंगणातल्या गुळवेलीचा काढा घेते, तो चालू ठेवू का? आणि योगासनांपैकी कुठली करावीत? वैद्यांची नोंदणी कुठे बघायची तेही सांगा.

---

निर्गुंडी

गुळवेल रोज, महिनोन्‌महिने नको. २०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेल्या ६ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आपली गुळवेल आणि तिच्यासारखीच दिसणारी, फोडासारख्या गाठी असलेल्या खोडाची दुसरी जात यांत घोटाळा होतो, असा खुलासा आयुष मंत्रालयाने केला होता. अंगणातली कुठली आहे हे जाणकाराकडून पाहून घ्या. सध्या थांबवा आणि पुढच्या रक्ततपासणीत एसजीपीटी (यकृताची तपासणी) करून घ्या. लघवी गडद पिवळी होणं, डोळे पिवळे पडणं, अन्नावरची वासना जाणं, यांतलं काही दिसलं तर तपासणीची तारीख येईपर्यंत थांबू नका. काढा बंद केल्यावर पहिले काही दिवस साखरही बघा. गुळवेलीनेही साखर थोडी उतरते, त्यामुळे बंद केल्यावर ती चढलेली दिसू शकते.

नोंदणी: बीएएमएस म्हणजे साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम आणि वर्षभराची इंटर्नशिप. महाराष्ट्रात नोंदणी महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे असते. क्रमांक दवाखान्यात लावलेला असतो, नसेल तर सरळ विचारा. ॲक्युपंक्चरसाठीही महाराष्ट्रात स्वतंत्र कायदा आणि परिषद आहे, तिथला क्रमांक मागा. औषधाच्या डबीवर उत्पादन परवान्याचा क्रमांक, बॅच, मुदत आणि घटक छापलेले हवेत. भस्म (धातूंपासून केलेली पूड) असलेलं औषध स्वतःच्या मनाने घेऊ नका. त्यातून शिसं पोटात गेलं तर पोटात कळा, बद्धकोष्ठता आणि रक्त कमी होणं अशी लक्षणं दिसतात आणि भलत्याच तपासण्या सुरू होतात.

---

अस्थिबंध

आसनं: वज्रासन, पद्मासन, मलासन सध्या नको. गुडघा पूर्ण दुमडल्यावर वाटीमागचा दाब फार वाढतो, आणि जिना उतरताना दुखतं म्हणजे त्रास बहुधा तिथेच आहे. ताडासन, भिंतीला पाठ टेकून अर्ध्याहून कमी वाकलेलं उत्कटासन, सेतुबंधासन आणि खुर्चीवर बसून पाय सरळ करणं, एवढं पुरे. योगशिक्षकाला स्टेंटबद्दल सांगा. जोराची कपालभाती आणि श्वास रोखून धरण्याचे प्रकार हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत.

प्राणायाम-आसनं शिकायला रिकाम्या पोटी बोलावतात, त्यावर एक तोडगा. ग्लिमेपिराइड नाश्त्याबरोबर घ्यायची गोळी आहे. ती घेऊन, नाश्ता न करता वर्गाला जायचं नाही. एकतर गोळीआधी, साखर तपासून वर्गाला जा आणि परत येऊन नाश्त्यासोबत गोळी घ्या, नाहीतर नाश्त्यानंतर दोन-अडीच तासांनी घरीच करा. साखर ७० च्या खाली असेल तर आधी तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायला द्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. त्या दिवशी व्यायाम नको.